कायद्याच्या उच्च शिक्षणाचा खर्च

दुकानाच्या वाढीसाठी भांडवल उभे करावयाचे झाल्यास आपल्या घरांत फारसा खल होत नाही. परंतु मुलाने अगर मुलीने एल्एल्.बी. होऊन पुढे एल्एल्.एम्. करण्याची इच्छा दर्शविली की, वकिलीची सनद तर पहिल्याच पदवीवर मिळते, मग हा खर्च कशास, असा प्रश्न निघतो. प्रश्न रास्त आहे. सनदेसाठी एल्एल्.एम्. लागत नाही. मात्र कायद्याचे अध्यापन व संशोधन ज्यांस करावयाचे आहे, त्यांस ही पदवी टाळता येत नाही. मुलींच्या बाबतीत हा खर्च लग्नाच्या खर्चाशी तोलला जातो व विषय बहुधा तेथेच संपतो, हे आम्हांस खेदाने नमूद करावेसे वाटते.

एकाच दात्यावर सर्व भार टाकण्याची अपेक्षा मात्र सोडली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली अमेरिकेस गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांपुरती होती व परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याची अट तिला जोडलेली होती. 1920 साली लंडनचा अर्थशास्त्राचा व ग्रेज इनमधील कायद्याचा अपुरा अभ्यास पुरा करण्यास ते पुन्हा निघाले, तेव्हा प्राध्यापकीतील स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज अशी तीन ठिकाणची रक्कम एकत्र करावी लागली.

आजही हाच क्रम धरावा. प्रथम परत न करावयाची रक्कम शोधावी. इंग्लंडमधील एका वर्षाच्या पदवीसाठी तेथील सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. तीस दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो व शिक्षणानंतर दोन वर्षे स्वदेशी राहावे लागते. अर्ज सुमारे वर्षभर आधी करावा लागतो, आणि आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थी याच ठिकाणी चुकतात. त्यानंतर ऋण-शिष्यवृत्ती. जमशेटजी टाटांनी 1892 साली स्थापिलेला जे. एन्. टाटा निधी परदेशी शिक्षणासाठी अशी रक्कम देतो.

जैन समाजास केंद्र सरकारने जानेवारी 2014 मध्ये अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. तेव्हापासून राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाची शैक्षणिक कर्जे राज्यांच्या संस्थांमार्फत आपणांसही खुली झाली. त्यांस कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि एल्एल्.एम्. त्यांत बसते किंवा नाही, हे अर्जापूर्वी विचारून घ्यावे. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरून देणारी ‘पढो परदेश’ योजना मात्र 2022-23 पासून बंद झाली आहे. तिच्या भरवशावर कोणी बेत आखू नये.

राहिले बँकेचे कर्ज. साडेसात लाखांवरील रकमेस बँका बहुधा मालमत्तेचे तारण मागतात. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या ‘प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी’ योजनेखाली देशातील निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळाल्यास जामीन व तारण यांवाचून कर्ज मिळू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, व दुसरी सरकारी सवलत मिळत नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात तीन टक्के व्याजाची सूटही आहे.

येथे आमच्या व्यापारी बंधूंनी आपले नित्याचे चातुर्य वापरावे. अभ्यासक्रम व त्यापुढील एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून त्या काळाचे व्याजही नसते, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. 2013 पासून आपल्याकडे एका वर्षाचे एल्एल्.एम्. सुरू झाले. त्यासाठी दहा लाख रुपये आरंभीच उचलले व व्याज दहा टक्के सरळ धरले, तर दोन वर्षांत दोन लाख चढतात आणि हप्ते बारा लाखांवर बसतात. घरून दरमहा सुमारे 8,300 रुपये व्याजापोटी भरले, तर मुद्दल दहा लाखच राहते. ज्या घरास हे झेपते, त्याने ते अवश्य करावे.

आयकराची जुनी पद्धत निवडणारास अशा कर्जाच्या व्याजाची वजावट कमाल आठ वर्षे मिळते. मुद्दलाची मिळत नाही. मामाकडून अगर पेढीच्या खात्यातून उचललेल्या रकमेस ती लागू नाही. शिवाय ज्याने कर्ज घेतले व व्याज आपल्या उत्पन्नातून भरले, त्यासच तिचा लाभ होतो. तेव्हा कर्ज मुलीच्या नावे घ्यावे, वडिलांच्या की दोघांच्या, हे सही करण्यापूर्वीच आपल्या हिशेबनिसाशी बोलून ठरवावे.