शेळीचे रक्त तपासायला द्या!

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्याच्याही दारात दोन-चार शेळ्या असतात. संगमनेरच्या नावाने तर शेळीची जातच ओळखली जाते. मुलांची फी असो की दवाखाना, अडल्या वेळी शेळीच विकली जाते. अशी शेळी गाभडली की घरचे हळहळतात आणि 'नजर लागली' म्हणून गप्प बसतात. आम्ही म्हणतो, नजरेला दोष देण्याआधी तिचे रक्त तपासून घ्या.

जनावरांच्या रोगांची शास्त्रीय तपासणी आपल्या देशात सुरू झाली ती पुण्यात. ९ डिसेंबर १८८९ रोजी तिथल्या विज्ञान महाविद्यालयात इंग्रज सरकारने जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा काढली. रोगाचे जंतू दाट वस्तीच्या शहरात ठेवणे धोक्याचे, म्हणून १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. गोठेच्या गोठे रिकामे करणाऱ्या बुळकांडीवर मुक्तेश्वरला लस तयार झाली. पुढे देशभर टोचणी झाली आणि २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले.

शहराला जंतूंपासून जपले गेले. पण गावोगाव मेलेले ढोर ओढायचे काम आपल्याच आजा-पणजांवर लादलेले होते. ते काळपुळीने मेले की आणखी कशाने, हे त्यांना कोण सांगणार? काळपुळी माणसालाही होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले, त्यात मानाचा प्रश्न होता, तसा जिवाचाही होता.

जिवाचा प्रश्न आजही आहे, आणि तो जास्त करून बायांचा आहे. शेळी गाभडण्याचे एक कारण ब्रुसेलोसिस. शेळी विताना हात लावणाऱ्या, वार उचलणाऱ्या बाईला आणि कच्चे दूध पिणाऱ्या लेकरांना तो होऊ शकतो. ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, सांधे दुखतात. मलेरिया समजून गोळ्या घेतल्या तर त्याने हा रोग हटत नाही.

तपासणी साधी आहे. रक्त गोठल्यावर वर जे निवळ पाणी येते, त्याचा थेंब काचेवर घेऊन त्यात गुलाबी औषधाचा थेंब मिसळतात. चार मिनिटांत बारीक गुठळ्या दिसल्या तर रोगाचा संशय धरतात आणि पुढची पक्की तपासणी करतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पाठवता येतो. पुण्यात औंधला राज्याचा पशुरोग अन्वेषण विभाग याच कामासाठी आहे.

तोवर गाभडलेली शेळी वेगळी बांधा. वार आणि मेलेले करडू उघड्या हाताने उचलू नका. हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला. कुत्र्यापुढे न टाकता चुना टाकून खोल पुरा. दूध उकळूनच प्या. ताप आला तर डॉक्टरांना 'घरी शेळ्या आहेत' हे आवर्जून सांगा. आणि जनावर एकाएकी मरून नाका-तोंडातून काळे रक्त आले, तर ते कुणालाही फाडू देऊ नका. आधी दवाखान्यात कळवा.

ही प्रयोगशाळा आपल्या करातून चालते. ती बागायतदाराच्या गाईसाठी जेवढी आहे, तेवढीच आपल्या शेळीसाठी आहे. दवाखान्यात गेल्यावर रक्त तपासणीला पाठवायला सांगा आणि निकाल काय आला, तेही विचारा.