सैतानाची इमानदारी

यना तोबोसो यांची ‘कुरोशित्सुजी’ ही चित्रकथामाला जपानात २००६ साली सुरू झाली. २००८ मध्ये तिच्यावरून ॲनिमे मालिका निघाली. काळ व्हिक्टोरिया राणीचा. आईबापांच्या हत्येनंतर नरकयातना भोगलेला सिएल हा तेरा वर्षांचा अर्ल, आणि सूड पुरा होताच त्याचा आत्मा भक्षण करण्याच्या करारावर त्याचा बटलर झालेला सैतान सेबास्टियन! एवढे ऐकूनच सुजाण पालक दूरदर्शन संच बंद करतील.

परंतु या कथेतील भय सैतानापाशी नाही. तो चहा वेळेवर देतो, धन्याशी खोटे बोलत नाही, करार पाळतो. भय आहे ते माणसांचे. २०१४ च्या ‘बुक ऑफ सर्कस’ या पर्वात, एका उमरावाने आसरा दिलेली अनाथ, अपंग मुले सर्कशीत वाढतात आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली त्याच्यासाठी इतरांची मुले पळवून आणतात. शेवटी ती मुले आत जिवंत असतानाच वाडा पेटविण्याचा हुकूम सिएल देतो. मुलांची सुटका करावयाची होती ना, असे विचारतो तो सैतानच. आणि सिएल? तोही कधीकाळी अशाच पिंजऱ्यात कोंडलेला होता. तो हुकूम पुन्हा, अधिक मोठ्याने, उच्चारतो.