रायगड किनाऱ्यावरील पक्षिगणना : भरती-ओहोटी आणि आकड्यांचा अर्थ

पक्षिगणना म्हणजे पक्ष्यांची मोजदाद, असा सरळ अर्थ सामान्यतः घेतला जातो. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर मात्र हे काम तितकेसे सरळ नाही. कारण येथे मोजावयाचे पक्षी दिवसातून दोनदा समुद्राच्या पाण्याबरोबर जागा बदलतात.

या किनाऱ्याला पक्षिअभ्यासाची जुनी परंपरा आहे. डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागनजीक किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादीने ते पसंत केल्यावर पूर्ण करतो आणि पुन्हा नवे घरटे विणावयास घेऊन दुसरी मादी मिळवतो, हे त्यांनी दाखवून दिले. हे एका वसाहतीचे सखोल निरीक्षण होय. संपूर्ण प्रदेशातील संख्या घटते की वाढते, हा प्रश्न वेगळा असून त्यास एक निरीक्षक पुरा पडत नाही. भारतात १९८७ पासून होत असलेली आशियाई पाणपक्षी गणना याच गरजेतून उभी राहिली. दरवर्षी जानेवारीच्या मध्यास शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार असे स्वयंसेवक आणि जीवशास्त्रज्ञ आपापल्या पाणथळीवर एकाच सुमारास मोजणी करतात. भारतातील समन्वयात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा मोठा वाटा आहे.

ओहोटीच्या वेळी खाड्यांमधील चिखलाचे पट्टे उघडे पडतात. चिखल्या, तुतवार, टिलवा असे स्थलांतरित पक्षी त्यांवर दूरवर विखुरतात व कीटक, कृमी टिपतात. भरती चढू लागली की चिखल बुडतो आणि हेच पक्षी मिठागरे, खाजणे व बांधाआडची तळी येथे दाटीने विसावतात. उरणमधील पाणजे परिसराचे महत्त्व या विसाव्यामुळेच आहे. साहजिकच, सकाळी चिखलावर आणि दुपारी तळ्यावर मोजणी केल्यास तोच थवा दोनदा नोंदला जाण्याचा संभव असतो.

येथे कोंकणातील जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीस ती तीनच्या सुमारास, तर द्वादशीस नऊच्या सुमारास येते. म्हणजे सकाळी नऊ वाजता चतुर्थीला पूर्ण ओहोटी, तर द्वादशीला पूर्ण भरती! गणनेचे दिवस इंग्रजी दिनदर्शिकेनुसार ठरतात. तिथी मात्र दरवर्षी सरकते. एका वर्षी एखाद्या तळ्यावर हजारो पक्षी आणि पुढील वर्षी मोजकेच आढळले, तर ती घट पक्ष्यांची की पाण्याच्या वेळेची, हे भरतीची वेळ नोंदल्याखेरीज सांगता येत नाही.

पद्धत तीच ठेवल्यास आकडे किती बोलके होतात, हे गिधाडांच्या उदाहरणावरून दिसते. १९९० च्या दशकाच्या आरंभी ज्या मार्गांवर शिकारी पक्ष्यांची गणना झाली होती, त्याच मार्गांवर २००० मध्ये ती पुन्हा करण्यात आली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यातून उघड झाले. पुढे २००४ मध्ये डायक्लोफिनॅक हे कारण सिद्ध झाले व २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. रायगडमध्ये म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात या गिधाडांच्या संवर्धनाचे काम झाले आहे.

मोठ्या थव्यात एकेक पक्षी मोजणे अशक्य असते. दहा किंवा शंभर पक्ष्यांचा गट नजरेत ठरवून तो थव्यावर किती वेळा बसतो, हे पाहिले जाते. नवख्या स्वयंसेवकाची गल्लत येथे होते, आणि त्याहून अधिक जाती ओळखण्यात होते. 'तुतवार, जात अनिश्चित' ही प्रामाणिक नोंद ठाम पण चुकीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाची असते.

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, तर पनवेल तालुक्यातील विमानतळाचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले. या काळात उरण-पनवेल भागातील पाणथळींवर मोठे भराव पडले. भरावापूर्वी तेथे काय होते, हे सांगण्यास जुन्या नोंदतक्त्यांसारखा दुसरा पुरावा क्वचितच मिळतो. म्हणूनच बुजलेल्या तळ्यावरही जानेवारीत जाऊन, भरतीच्या वेळेसह, शून्याची नोंद करणे आवश्यक ठरते. ती न केल्यास तक्त्यातील रिकामी जागा केवळ 'भेट दिली नाही' एवढेच सांगते.