एका ‘रन’चे ६४५ अर्थ

पाचवी-सहावीतल्या मुलांच्या इंग्रजीच्या वहीत मागच्या पानांवर उभी रेघ मारून दोन रकाने पाडलेले असतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. ‘रन – धावणे’ ही जोडी त्यात हमखास सापडते. ती पाठ झाली की शब्द ‘झाला’ असं मुलं, शिक्षक, पालक सगळेच धरून चालतात. पुढे कुठल्याशा धड्यात नळाचं पाणी ‘रन’ होतं, सर्दीनं नाक ‘रन’ होतं, धुतल्यावर कापडाचा रंग ‘रन’ होतो आणि कुणाचा तरी काका हॉटेल ‘रन’ करतो, तेव्हा मूल अडखळतं. चूक त्याची नसते. इंग्रजीतले अवघड शब्द म्हटलं की आपण लांबलचक शब्दांना घाबरतो. पण ‘फोटोसिंथेसिस’ला एकच अर्थ आहे, एकदा कळला की जन्मभर पुरतो. खरा कस लावतात ते रन, सेट, पुट, टेक, गेट यांसारखे चिमुकले शब्द.

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा तिच्यातली सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. त्याचे ४३० अर्थ दिले होते आणि नोंद सुमारे ६०,००० शब्दांची झाली होती. तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्यानं तपासायला घेतल्यावर ‘सेट’चा मान गेला. आधी ‘मेक’ पुढे गेला, २००७ मध्ये ‘पुट’, आणि २०११ मध्ये ‘रन’. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! नाम म्हणून होणारे उपयोग वेगळेच. कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांना या एका शब्दासाठी नऊ महिन्यांहून अधिक काळ द्यावा लागला.

एका शब्दाला नऊ महिने का लागतात, हे कळायला या कोशाची रीत पाहावी लागते. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये संपादनाचं काम हाती घेतलं, तेव्हापासून नियम एकच: पुराव्याशिवाय अर्थ नाही. इंग्रजी वाचणाऱ्या सामान्य लोकांना त्यांनी आवाहन केलं. पुस्तक वाचताना शब्दाचा लक्षात राहण्याजोगा उपयोग दिसला की तो वाक्यासकट, पुस्तकाच्या नावासह आणि सालासह कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून पाठवायचा. चिठ्ठी साधारण सहा इंच बाय चार इंचांची. अशा लाखो चिठ्ठ्या आल्या, आणि संपादक त्या टेबलावर मांडून ढीग करत बसले. या वाक्यातला ‘रन’ त्या वाक्यातल्या ‘रन’सारखाच आहे की थोडा निराळा? निराळा असेल तर नवा ढीग. कोशातला प्रत्येक अर्थ म्हणजे असा एक ढीग असतो. पहिला भाग १८८४ मध्ये छापला गेला, मरे १९१५ मध्ये गेले आणि कोश पुरा झाला तो १९२८ मध्ये. इतक्या चिकाटीनं एखाद्या समाजानं आपल्या बोलण्याची नोंद ठेवावी, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

‘रन’चे अर्थ इतके का वाढले, याचं एक उत्तर व्याकरणात आहे. मराठीत ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही दोन रूपं आहेत. मधे एक ‘व’ आला की काम आपोआप होतंय की कुणी करवतंय ते लगेच कळतं. जुन्या इंग्रजीतही स्वतः धावण्यासाठी एक क्रियापद होतं आणि दुसऱ्याला पळवण्यासाठी, म्हणजे घोडा दौडवण्यासाठी, त्याच्याच घराण्यातलं दुसरं. शतकांच्या ओघात दोन्ही एकमेकांत मिसळली, जोडीला स्कँडिनेव्हियातून आलेली तशीच रूपंही मिसळली आणि उरला एकटा ‘रन’. त्यामुळे गाडी ‘रन’ होते आणि गाडी ‘रन’ करतात, यासाठी इंग्रजीत एकच शब्द. ज्या कामाला आपण दोन क्रियापदं ठेवली, ते तिथे एकालाच करावं लागतं. आंघोळीचं पाणी सोडणं याला इंग्रज माणूस ‘बाथ रन करणं’ म्हणतो ते याच वाटेनं.

दुसरं उत्तर यंत्रांत आहे. गिरण्या, इंजिनं, आगगाड्या आल्या आणि त्या सगळ्यांना इंग्रजीनं ‘रन’ जोडला. यंत्र ‘रन’ होतं, मग कारखाना, मग कंपनी, मग देशाचा कारभार. आपल्या काळात संगणकाचा प्रोग्राम त्यात आला. मराठीत या जागा बहुतेक ‘चालणे’ने घेतल्या आहेत. घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटक चालतं, खटला चालतो. फ्रेंच माणसाचं यंत्रही चालतंच, त्यांचं क्रियापद मुळात चालण्याचंच आहे. इंग्रजी मात्र पळते. आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. बोलताना आपण आजही ‘गाड्या चालू आहेत का?’ असं विचारतो, पण बातमीत मात्र ‘मेट्रो धावली’ असंच छापून येतं. त्या ‘धावली’वर इंग्रजी ‘रन’ची सावली असावी, असं मला वाटतं.

निवडणुकीत तर देशागणिक शब्द बदलतो. अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ होतो. आपलाही उभाच राहतो.

क्रिकेटमधला ‘रन’ आपल्याला सर्वांत जवळचा. सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये धावा मोजणारा माणूस काठीवर चाकूनं खाचा पाडत बसे, म्हणून धावेलाही ‘नॉच’, म्हणजे खाच, म्हणत. पुढे ‘रन’ रुळला. आता चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागेवर उभा असला तरी चार ‘रन’ मिळतात. शब्दातलं धावणं गेलं आणि मोजमाप राहिलं. मराठीनं इथे सुंदर काम केलं आहे. एका ‘धाव’मधून धावफलक, धावसंख्या, धावगती, धावचीत असं अख्खं कुटुंब उभं राहिलं, आणि आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकत वाढलेल्या पिढीला ते परकं वाटलंच नाही.

बँकेवरचा ‘रन’ मात्र मराठीत नीट उतरत नाही. बँक बुडणार या भीतीनं सगळे ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला येतात, तो हा ‘रन’. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांपुढे लोक तासन्‌तास रांगेत उभे होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले, तेही बहुतांशी फोन आणि संगणकावरून. आपली वर्तमानपत्रं याला ‘झुंबड’ म्हणतात. त्यात गर्दी दिसते, पण एकाची भीती पाहून दुसरा घाबरतो ती साखळी दिसत नाही.

काही ‘रन’ मराठी बोलण्यात कधीच मुरले आहेत. सुतार किचनच्या ओट्याखालच्या कपाटांचा भाव ‘रनिंग फूट’वर सांगतो, म्हणजे फक्त लांबी मोजायची. सरकारी कामाचा ठेकेदार ‘रनिंग बिल’ लावतो, म्हणजे काम चालू असतानाच टप्प्याटप्प्यानं पैसे मागतो. गाडी घेऊन आलेले लोको पायलट आणि गार्ड जिथे विश्रांती घेतात ती ‘रनिंग रूम’. ज्या खोलीत माणसं झोपायला जातात तिचं नाव ‘रनिंग’! यांतला एकही अर्थ ‘रन – धावणे’ पाठ करून कळत नाही. तो त्या धंद्यात वावरूनच कळतो.

हे काही इंग्रजीचंच वैशिष्ट्य नाही. आपला ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते. निकाल लागतो, नोकरी लागते, वेळ लागतो, फोन लागत नाही. भाजीत मीठ जास्त लागतं, आंब्यांना पाड लागतो, सुपारी लागून घाम फुटतो. तो तुझा कोण लागतो, असं आपण नात्याचंही विचारतो. आणि ‘एसटी लागली’ याचा अर्थ गाडी फलाटावर आली असाही होतो आणि घाटात कुणाला मळमळायला लागलं असाही. परप्रांतातून बदली होऊन आलेल्या माणसाला कुठला अर्थ आधी सांगायचा? कोशकार मोल्सवर्थ यांना हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पडला होता. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो सुमारे ६०,००० शब्दांपर्यंत गेला. असे शब्द त्यांनी एका प्रतिशब्दात उरकले नाहीत. बोलणाऱ्यांच्या तोंडचे वाक्प्रयोग देत देत अर्थ उलगडत नेले. मराठी शिकवणाऱ्यांनी तो कोश अजूनही हाताशी ठेवावा, इतकं त्यात आहे.

आपण मराठी माणसं ‘लागणे’ कधी पाठ केलेला नाही. भुकेसोबत, बसेससोबत, निकालासोबत तो कानावर पडत गेला आणि बसला. इंग्रजी शब्द मात्र आपण मुलांना एकटे, सुटे देतो. अर्थ शब्दाच्या पोटात नसतो, शेजारच्या शब्दांबरोबर तो ठरतो. ‘रन’च्या पुढे ‘आउट’ आला की वस्तू संपते, ‘इंटू’ आला की कुणीतरी अचानक भेटतं, ‘डाउन’ आला की माणूस थकतो किंवा इमारत मोडकळीला येते. हे तीन तुकडे सुटे पाठ करणं कठीण आहे. ‘दूध संपलं’ हे इंग्रजीत कसं म्हणतात, ते स्वयंपाकघरात एकदा ऐकलेलं मूल विसरत नाही.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. जून महिन्यात नव्या वहीत दोन रकाने पाडाल, तेव्हा तिसराही पाडा. त्यात शब्द जिथे भेटला ते पूर्ण वाक्य मुलाला लिहू द्या. तोच शब्द पुन्हा वेगळ्या अर्थानं भेटला तर त्याखाली दुसरं वाक्य लिहू द्या, आणि त्यासाठी ‘रन’पुढे चार ओळी कोऱ्या सोडा. दिवसाला दहा शब्दांऐवजी दोनच झाले तरी चालतील.