स्वयंसेवकाचा कार्यकर्ता कधी होतो?

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या जडणघडणीत समाजसेवेचा वाटा किती आणि कोणता, हा प्रश्न महाराष्ट्रात विचारायचा झाल्यास राष्ट्रीय सेवा योजनेपासून आरंभ करणे भाग पडते. कारण शहरातल्या जुन्या महाविद्यालयांपासून तालुक्याच्या गावी अलीकडे निघालेल्या महाविद्यालयांपर्यंत बहुतेक ठिकाणी ही योजना पोहोचलेली आहे. या योजनेचे घोषित उद्दिष्ट ‘समाजसेवेच्या माध्यमातून विद्यार्थ्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास’ असे आहे. म्हणजे सेवा हे साधन आणि विद्यार्थ्याची वाढ हे साध्य, असा क्रम योजनेच्या पायातच घातलेला आहे, आणि योजनेचे सारे सामर्थ्य व तिच्या बहुतेक अडचणी या एकाच क्रमातून निर्माण झाल्या आहेत. गावातील बंधारा टिकला नाही, तरी तो बांधणारा विद्यार्थी काही शिकला असेल तर उद्दिष्ट सफल झाले, असे या व्याख्येनुसार म्हणता येते. मात्र ज्या गावाने आपला ओढा आणि आपली शाळा सात दिवसांसाठी दिली, त्या गावाला हे उत्तर पुरेसे वाटेल असे नाही.

योजनेच्या जन्मकथेत एका मराठी माणसाचे नाव येते. पदवीपूर्वी विद्यार्थ्याने काही काळ समाजसेवा करावी, ही कल्पना पंडित नेहरूंनी १९५८ मध्ये मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात मांडली होती, आणि तिचा आराखडा करण्यासाठी १९५९ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद चिंतामणराव देशमुख यांच्याकडे आले. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री राहिलेले, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलेले देशमुख त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीने करावी, अशी शिफारस या समितीने केली. हिशेबात मुरलेल्या माणसाच्या समितीची ही शिफारस खर्चाच्याच कारणाने मागे पडली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. पुढे के. जी. सय्यदैन यांनी अन्य देशांतील अशा सेवांचा अभ्यास करून ती ऐच्छिक असावी असे सुचवले, कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेची जोड असावी असे म्हटले, आणि अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह योजना सुरू केली. सक्ती गेली आणि ऐच्छिकता आली, हे योग्यच झाले. पण वर्षभराच्या सलग सेवेऐवजी तासांची मोजदाद आली, आणि ती आजतागायत गेलेली नाही.

योजनेची रचना साधी आहे. शंभर स्वयंसेवकांचे एक एकक असते आणि त्याची जबाबदारी एका प्राध्यापकाकडे असते, ज्याला कार्यक्रम अधिकारी म्हणतात. स्वयंसेवकाने सलग दोन वर्षे, दरवर्षी १२० तास काम करायचे असते. त्यातील सुमारे २० तास ओळख व प्रशिक्षणासाठी आणि उरलेले प्रत्यक्ष कामासाठी धरलेले असतात. याशिवाय महाविद्यालयाने निवडलेल्या दत्तक गावात सात दिवसांचे निवासी विशेष शिबिर होते, ज्यात एककातील साधारण निम्मे स्वयंसेवक सहभागी होतात. पहाटे प्रभातफेरी किंवा योगासने, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र म्हणजे पाहुण्यांचे व्याख्यान, त्यानंतर गटचर्चा किंवा घरोघरचे सर्वेक्षण आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, हा दिनक्रम महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यात फारसा बदलत नाही. १९७२च्या दुष्काळानंतरच्या काळात ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय देशभरातील शिबिरांना देण्यात आला होता, पुढे अस्वच्छता आणि रोगराई, वृक्षलागवड, ग्रामीण पुनर्रचना असे विषय येत गेले. विषय बदलले तरी दिनक्रमाचा सांगाडा तोच राहिला.

या सांगाड्यात नेतृत्व नेमके कोठे घडते, हे पाहण्यासाठी व्यासपीठाकडे न पाहता भटारखान्याकडे, साहित्याच्या खोलीकडे आणि कामाच्या जागेकडे पाहावे लागते. शिबिरातील विद्यार्थ्यांचे गट पाडले जातात, प्रत्येक गटाला एक गटप्रमुख असतो, आणि स्वयंपाक, पाणी, स्वच्छता, साहित्य, सर्वेक्षण, सांस्कृतिक कार्यक्रम अशी कामे गटांकडे आळीपाळीने येतात. पन्नास जणांचा नाश्ता वेळेवर व्हायचा तर आदल्या रात्री पोहे, कांदे आणि इंधन यांचा अंदाज घ्यावा लागतो. फावडी, टिकाव आणि घमेली ग्रामपंचायतीकडून किंवा शेतकऱ्यांकडून मागून आणलेली असतात, ती मोजून परत द्यावी लागतात. आणि जो मित्र पहाटे उठत नाही त्याला उठवताना मैत्रीही राखावी लागते. गटप्रमुखाला कोणताही अधिकार नसतो, तो कोणाचे गुण कापू शकत नाही, कोणाला घरी पाठवू शकत नाही. अधिकाराविना काम करवून घेण्याची ही सवय वर्गप्रतिनिधी किंवा विद्यार्थी संघटनेच्या पदाधिकाऱ्याला सहसा लागत नाही, कारण त्यांच्यामागे निवडून आल्याचे किंवा संघटनेचे वजन असते. शिबिरातला गटप्रमुख मात्र स्वतः फावडे उचलल्यावाचून दुसऱ्याला उचलायला सांगू शकत नाही.

नेतृत्वाची याहून अवघड परीक्षा गावाशी संबंध आल्यावर सुरू होते, आणि वनराई बंधारा हे तिचे उत्तम उदाहरण आहे. सिमेंटची रिकामी पोती माती किंवा वाळूने भरून, त्यांची तोंडे शिवून, ती ओढ्याच्या प्रवाहाला आडवी, विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधेमोड करत थरावर थर रचली आणि पोत्यांमधल्या फटी मातीने बुजवल्या की पावसाळ्यानंतर वाहून जाणारे पाणी अडते, आजूबाजूच्या जमिनीत मुरते, जवळच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो आणि रब्बीच्या पिकाला किंवा जनावरांना काही आठवडे अधिक पाणी मिळते. हा बंधारा एका हंगामापुरता असतो. कुशल कारागीर, यंत्र आणि मोठा निधी यांपैकी काहीच लागत नसल्यामुळे आणि पन्नास जणांच्या साखळीने दोन-तीन दिवसांत तो उभा राहत असल्यामुळे शिबिरांमध्ये त्याला पसंती मिळाली.

पोती रचणे हा त्यातील सोपा भाग आहे. बंधारा कोठे घालायचा हे ठरवताना ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे शेतकरी, काठावरचे वहिवाटदार, जनावरे पाण्यावर नेणारे आणि ग्रामपंचायत यांचे हितसंबंध एकदम समोर येतात. पाणी वरच्या बाजूला साठते, तेव्हा खालच्या शेतकऱ्याला आपले पाणी अडवले असे वाटू शकते. साठलेल्या डोहात एकाच काठावरून मोटार पंप बसला, तर सर्वांच्या श्रमाचा लाभ एकाच बांधावर जातो. आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी पोती कोण काढणार, हे ठरलेले नसेल तर फाटलेले प्लॅस्टिक ओढ्यात पसरते. हे प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतात, आणि त्यांची उत्तरे गावात फिरून, चार घरी बसून, चहा घेत, विरोध करणाऱ्याचेही पूर्ण ऐकून घेऊनच मिळतात. राज्यशास्त्राच्या तासाला शिकलेली सत्ता, हितसंबंध आणि सहमती या संकल्पना पन्नास फूट रुंदीच्या ओढ्यावर विद्यार्थ्याला पहिल्यांदा दिसतात.

वेळेचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. असे बंधारे पावसाळा सरता सरता, ओढ्याला चांगले पाणी असताना घालायचे असतात. विशेष शिबिरे मात्र परीक्षांच्या वेळापत्रकामुळे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात, तोवर अनेक ओढ्यांची धार बारीक झालेली असते. शोषखड्ड्यांचेही असेच आहे. घरातील सांडपाणी जमिनीत मुरावे म्हणून दगडगोटे आणि खडी भरून केलेला हा खड्डा मुरमाड जमिनीत चांगले काम करतो, पण काळ्या चिकण मातीत पाणी फार सावकाश मुरते आणि खड्डा लवकर तुंबतो. हे गावातल्या कोणत्याही वयस्क शेतकऱ्याला ठाऊक असते. विचारले तर तो सांगतो. विचारण्याची पाळी विद्यार्थ्यावर येणे आणि त्याने ती संकोच न करता पत्करणे, हाच नेतृत्वशिक्षणाचा पहिला धडा मानावा लागेल.

शिक्षणशास्त्रात या प्रक्रियेला अनुभवाधिष्ठित शिक्षण म्हणतात. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार अनुभव घेणे, त्यावर चिंतन करणे, चिंतनातून काही सर्वसाधारण समज बांधणे आणि ती समज नव्या प्रसंगी वापरून पाहणे, असे हे चार टप्प्यांचे चक्र आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत दुसऱ्या टप्प्यासाठी कार्यवही आणि शिबिराची दैनंदिनी ठेवण्याची पद्धत आहे, ज्यांत स्वयंसेवकाने रोजचे काम आणि त्याविषयीचे विचार लिहायचे असतात. तत्त्वतः हा योजनेचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि व्यवहारात बहुधा सर्वांत दुर्लक्षित. कारण कार्यवही अनेकदा वर्षाअखेर एका बैठकीत, मित्राची समोर ठेवून भरली जाते. अनुभव आणि चिंतन यांच्यातला हा दुवा तुटला की श्रमदान निव्वळ श्रम उरते, आणि विद्यार्थी चौथ्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही.

विद्यार्थिनींच्या बाबतीत वाढीचे गणित थोडे निराळे आहे. ग्रामीण आणि निमशहरी कुटुंबांत मुलीला सात दिवस घराबाहेर राहण्याची परवानगी मिळवणे, हे शिबिरापूर्वीचेच एक शिबिर असते. कार्यक्रम अधिकारी घरी जाऊन आई-वडिलांशी बोलतात, आधी जाऊन आलेल्या मुली साक्ष देतात, आणि मग होकार येतो. सर्वेक्षणात गावातील बायकांशी मोकळेपणाने बोलण्याचे काम बहुतांशी याच मुली करतात, त्यामुळे पाणी कोण आणते, शौचालय असून कोण वापरत नाही आणि का, मुलीची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, अशी खरी माहिती त्यांच्याच वहीत येते. तरीही शिबिरात भाजी चिरणे मुलींकडे आणि समारोपाचे भाषण मुलाकडे अशी वाटणी आपोआप होते, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ठरवून मोडले नाही तर सेवेच्या नावाखाली घरातलीच रीत गावात नेली जाते.

योजनेवरील सर्वांत गंभीर आक्षेप देखाव्याचा आहे. अहवालाला छायाचित्र लागते, छायाचित्राला फलक लागतो, आणि फलक धरलेले वीस जण व खड्ड्यात उतरलेला एक जण हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. काही विद्यापीठांत सहभागासाठी वाढीव गुण देण्याची तरतूद आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत राष्ट्रीय सेवा योजना श्रेयांक मिळवून देणारा विषय म्हणूनही आली आहे. श्रेयांकांमुळे वेळापत्रकात तास मिळतो, प्राध्यापकाच्या श्रमाला मान्यता मिळते, हे खरे. परंतु श्रेयांकाला मूल्यमापन लागते, आणि मूल्यमापनाला मोजता येईल असे काहीतरी लागते. हजेरी मोजता येते. गावाचा विश्वास मोजता येत नाही, म्हणून तो मोजपट्टीबाहेर राहतो, आणि हुशार विद्यार्थी जे मोजले जाते तेच करायला शिकतो.

या तुलनेत चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी वेगळी उठून दिसते. मे महिन्याच्या उन्हात, कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी कसलेल्या जमिनीवर भरणाऱ्या या छावणीत ना गुण मिळतात ना श्रेयांक. तेथे विद्यार्थी कोणाला मदत करायला आलेला आहे, हा समज टिकत नाही, कारण ज्यांना समाजाने टाकले त्यांनी उभे केलेले काम त्याच्यासमोर असते आणि फावडे त्याच्याच हाती जड होत असते. महाराष्ट्रातील अनेक कार्यकर्त्यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात या छावणीतून झाली, यात म्हणूनच आश्चर्य नाही. प्रत्येक महाविद्यालयाला सोमनाथ उभारता येणार नाही. मात्र तेथील एक तत्त्व कोणत्याही दत्तक गावात नेता येण्यासारखे आहे, ते म्हणजे ज्याच्यासाठी काम करायचे त्यालाच कामाचा जाब विचारण्याचा हक्क देणे.

हा हक्क देण्याची जागा आपल्या पंचायत व्यवस्थेत आधीपासून आहे. ग्रामसभा, म्हणजे गावातील सर्व मतदारांची सभा, प्रथेने २६ जानेवारीलाही भरते, आणि विशेष शिबिरे त्याच सुमारास आटोपलेली असतात. सर्वेक्षणाचे निष्कर्ष, बंधाऱ्याचा खर्च, राहून गेलेली कामे आणि पुढच्या वर्षीचा प्रस्ताव स्वयंसेवकांनी, कार्यक्रम अधिकाऱ्यांनी नव्हे, या सभेत उभे राहून मांडावा, गावाच्या प्रश्नांना तेथेच उत्तरे द्यावीत आणि शिबिराचा अहवाल विद्यापीठाकडे पाठवण्यापूर्वी त्यावर ग्रामसभेचा अभिप्राय घ्यावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेगळा शासन निर्णयही लागत नाही. ज्या महाविद्यालयांची दत्तक गावे आहेत, त्यांनी हे येत्या शिबिरापासूनच सुरू करावे.