पाण्याचा जिना आणि कर्लीची खाडी

इंग्लंडच्या कालव्यांवर सुट्टीसाठी अरुंद बोट भाड्याने घेणाऱ्याकडे कुणी परवाना मागत नाही. तासाभरात जुजबी शिकवतात आणि सुकाणू हाती देतात. बोट जेमतेम ७ फूट रुंद आणि वेग ताशी ४ मैलांपलीकडे न्यायचा नाही, म्हणजे काठावरून चालणारा माणूसही सहज सोबत करील. कस लागतो तो लॉकपाशी.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. खालची बोट वर न्यायची तर ती दोन दरवाजांमधल्या दगडी हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि लोखंडी हँडल फिरवून वरच्या बाजूच्या झडपा उघडायच्या. हौद भरतो, बोट उचलली जाते. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येईपर्यंत पुढचा दरवाजा मात्र कितीही रेटला तरी ढिम्म हलत नाही, कारण पाण्याचा दाबच तो मिटून धरतो. विल्टशरमधल्या डिव्हायझेस गावाजवळ असे २९ लॉक आहेत. त्यांतले १६ तर टेकडीवर एका रांगेत. सगळे मिळून २ मैलांत २३७ फूट चढण! म्हणजे एका लॉकला साधारण अडीच मीटर. हौशी मंडळींचा अख्खा दिवस त्यातच जातो.

आपल्याकडे फराक्क्याला गंगेच्या जलमार्गावर असं लॉक आहे, पण ते प्रामुख्याने मालवाहू जहाजांसाठी. सिंधुदुर्गात त्याची गरजच पडली नाही. इथे ते काम समुद्र करतो, तेही दिवसातून दोनदा.

तारकर्लीपाशी कर्ली नदी समुद्राच्या अगदी जवळ येते. पण लगेच मिळत नाही. वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्याआड ती समुद्राला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि देवबागच्या टोकाला, भोगव्यासमोर, त्याला भेटते. या शांत पाण्यात पर्यटन महामंडळाने हाऊसबोटी आणल्या. काठाला कांदळवन, माडांच्या बागा, मधूनच उडणारा खंड्या. भरतीला पाणी चढतं आणि एरवी कोरड्या पडणाऱ्या उथळ भागांवरूनही होडी निघते. ओहोटीला तीच वाट वाळूत संपते. मुखाजवळचं ‘त्सुनामी आयलंड’ हा तर वाळूचाच बांध. ओहोटीला त्यावर माणसं हिंडतात, मोठ्या भरतीला त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो.

इंग्लंडच्या लॉकमध्ये उतरताना बोटीचं मागचं टोक आतल्या दगडी उंबऱ्यावर अडकू द्यायचं नाही, हा पहिला धडा. पाणी खाली जातं, टोक उंबऱ्यावर लटकतं आणि बोट बुडूही शकते. देवबागचा होडीवाला हाच धडा वाळूच्या भाषेत जाणतो. उतरत्या पाण्यात होडी एकदा रुतली की ‘भरती येवंदे’ म्हणत बसावं लागतं.

ती कधी येणार हे कळायला किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याची चढ-उतार सर्वांत जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे ती सर्वांत कमी. हिशोब ढोबळ असला तरी घड्याळ नसलेल्या पिढ्या त्यावर समुद्रात गेल्या.

दरवाजाची युक्तीही कोकणपट्टीला परकी नाही. शेजारच्या गोव्यात खाजन शेतांच्या बांधांत ‘मानस’ असते. चढत्या भरतीचा रेटा तिची लाकडी झडप मिटवतो, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायचीही गरज नाही. बोट मात्र तिच्यातून जात नाही; मानस शेत राखण्यासाठी आहे.

पर्यटकाची गंमत अशी, की तो हॉटेलच्या नाश्त्याच्या वेळेवर होडी ठरवतो आणि पाणी नाही म्हणून होडीवाल्यावर चिडतो. पावसाळ्यात जूनपासून ऑगस्टअखेर जलपर्यटन बंदच असतं. एरवी देवबागला जायचं ठरलं, तर खोली आरक्षित करण्याआधी त्या दिवसाची भरतीची वेळ विचारून घ्या.