फोनमध्ये राहणारी लेखिका: पॅट्रिशिया लॉकवुड

मागच्या वेळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, सतत स्क्रोल करणाऱ्या माणसावर कुणी धड कादंबरी लिहिली आहे का? लिहिली आहे. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया लॉकवुडनं. जन्म १९८२चा, कॉलेजची पायरी चढलेली नाही, आणि नाव झालं ते आधी ट्विटरवर. तिथं ती इतके विचित्र, वात्रट विनोद टाकायची की लोकांना कळायचं नाही, ही कवयित्री आहे की नुसती टवाळ.

मग २०१३मध्ये 'द ऑल' या वेबसाइटवर तिची 'रेप जोक' ही कविता आली आणि काही तासांत सगळीकडे फिरली. त्या काळात तिकडं वाद पेटला होता, की स्टँड-अपवाल्यांनी बलात्कारावर विनोद करावेत का. लॉकवुडनं वादात मत नाही दिलं. विनोद सांगायचा जो साचा असतो, तोच घेऊन तिनं स्वतःवर एकोणिसाव्या वर्षी झालेला बलात्कार सांगितला. हसू येतं, आणि मग आपण कशावर हसलो ते कळतं. (वाचणार असाल तर जरा तयारीनं वाचा.)

आता गोष्ट घरची. तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत दुर्मीळ प्रकारचा मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनला पैसे नाहीत. तिनं ट्विटरवर मदत मागितली आणि अनोळखी लोकांनी भराभर पैसे पाठवले. डोळे वाचले, पण खिसा रिकामा. दोघं कॅन्सस सिटीला तिच्या आई-वडिलांकडे राहायला गेले. आणि वडील कोण? कॅथलिक पाद्री! बायको-मुलं असलेला कॅथलिक पाद्री कसा, असं वाटेल. तर ते आधी लुथेरन पंथाचे धर्मगुरू होते, लग्न झालेलं होतं. असा माणूस नंतर कॅथलिक झाला तर चर्च खास परवानगी देऊ शकतं. घरात अर्ध्या कपड्यांत इलेक्ट्रिक गिटार बडवणाऱ्या या बापावर तिनं 'प्रीस्टडॅडी' हे आत्मकथन लिहिलं, २०१७ साली. पोट धरून हसाल. पण त्याच पुस्तकात चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांवर पडलेला पडदाही आहे, आणि तिथं ती बापालाही सोडत नाही.

कादंबरी आली २०२१मध्ये, 'नो वन इज टॉकिंग अबाउट धिस'. बुकरच्या अंतिम यादीत होती, पुढच्या वर्षी डिलन थॉमस पुरस्कार मिळाला. नायिकेला नाव नाही. कुत्र्याबद्दलच्या एका येडचाप प्रश्नामुळे ती जगप्रसिद्ध झालेली. दिवसभर ती 'पोर्टल'मध्ये असते, म्हणजे आपण असतो तिथंच. पहिला अर्धा भाग तुकड्यातुकड्यांचा, अगदी फीडसारखा. खरं सांगू? पन्नासेक पानांनंतर मी वैतागलो. फीड बनवणं हे माझं रोजचं काम, घरी येऊन पुन्हा तेच कशाला वाचू?

मग आईचा मेसेज येतो. बहिणीच्या पोटातल्या बाळात काहीतरी गंभीर बिघाड आहे. निदान होतं प्रोटियस सिंड्रोमचं. एका जनुकात एक चूक, तीही सगळ्या पेशींत नाही, काहींतच. त्यामुळे शरीराचे काही भाग बेसुमार वाढत जातात. आईच्या जिवाला धोका आहे, पण राज्याचे कायदे डॉक्टरांचे हात बांधतात. गर्भपाताच्या विरोधात आयुष्यभर ठाम राहिलेल्या बापासमोर आता स्वतःची मुलगी उभी असते. बाळ जन्मतं, साधारण सहा महिने जगतं. हे लॉकवुडच्या बहिणीच्या घरात खरोखर घडलंय.

इथून पानं तशीच तुटक राहतात, पण माझा अंगठा थांबला. लोकलमध्ये वाचत होतो, आणि दर दोन पानांनी फोन उघडायची सवय असलेला मी, दादर कधी गेलं बघितलंच नाही.

'फोन वाईट, फोन ठेवा' असला उपदेश ही बाई करत नाही, आणि तिला तो शोभलाही नसता. नवऱ्याचे डोळे त्याच पोर्टलनं वाचवले होते ना! पण बाळासमोर बसल्यावर तिथली भाषा, ते तयार विनोद, काही म्हणजे काही कामाला येत नाहीत. नायिकेला एकेक शब्द नव्यानं शोधावा लागतो.

२०२५मध्ये तिची दुसरी कादंबरी आली, कोविडनंतर डोकं विस्कटल्याच्या अनुभवावरची. ती सगळ्यात शेवटी घ्या. सुरुवात 'प्रीस्टडॅडी'पासून करा. बाप आधी कळला, की कादंबरीतला हॉस्पिटलचा भाग वेगळाच लागतो.

चला, पुढच्या एपिसोडला भेटू.